विनायक पांडुरंग करमरकर
विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) हे मराठी शिल्पकार होते. त्यांचा जन्म अलिबागजवळच्या सासवणे येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्यानंतर १९२० साली ते उच्च शिक्षणासाठी लंडनला गेले. त्या काळात फ्रान्स व इटलीतील कलासंग्रहालयांना भेटी देऊन त्यांनी युरोपीय शिल्पकलेचा प्रत्यक्ष अभ्यास केला.

पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ही त्यांची सर्वाधिक गाजलेली कृती होय. एवढे मोठे पुतळे तेव्हा सहसा युरोपातून ओतून आणले जात. करमरकरांनी मात्र हा ब्राँझचा पुतळा मुंबईतील माझगाव गोदीत एकसंध ओतवून घेतला. ओतकाम फसले असते, तर सारे श्रम वाया गेले असते. जून १९२८ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले. सासवणे येथील त्यांच्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे.