भूमिहीनांचा कर्मवीर

ग्रामीण महाराष्ट्रात माणसाची पत सातबाऱ्यावरून ठरते. ज्याचे नाव त्या उताऱ्यावर नाही, त्याला गावात मान नाही, हे वास्तव ज्यांनी अचूक ओळखले त्यांत कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे नाव अग्रभागी येते.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ते निष्ठावान सहकारी. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची धुरा त्यांनी नाशकात वाहिली. मात्र मंदिराचे दार उघडले तरी पोटाचा प्रश्न सुटत नाही, याचे भान त्यांना होते. महार वतनाची तुटपुंजी जमीन म्हणजे साऱ्या गावाच्या राबणुकीचा मोबदला होता. वतने गेली, तरी बहुसंख्य दलित भूमिहीनच राहिले.

१९५१ पासून विनोबा भावे भूमीचे दान मागत होते. दादासाहेबांनी तिच्यावर हक्क सांगितला. पडीक सरकारी जमिनी कसणाऱ्याच्या नावे कराव्यात, या मागणीसाठी १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. रिपब्लिकन पक्षातील सुशिक्षितांच्या एका गटाला हा मार्ग रुचला नाही आणि पक्षात फूट पडली. तरीही दादासाहेब मागे हटले नाहीत. ६ डिसेंबर १९६४ पासून हा लढा देशव्यापी झाला आणि स्त्री-पुरुषांनी तुरुंग भरून गेले.

नाशिकच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात (आजच्या अहिल्यानगरमध्ये) या प्रश्नाची दुसरी बाजू दिसत होती. हरेगाव, टिळकनगर परिसरात साखर कारखान्यांनी खंडाने घेतलेल्या विस्तीर्ण जमिनी १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यान्वये शासनाकडे आल्या. त्या भूमिहीनांना न मिळता १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. त्या मळ्यांवर भूमिहीन राबला तो मजूर म्हणूनच. मूळ खंडकऱ्यांनाही जमीन परत मिळण्यासाठी २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली.

दादासाहेब १९५७ ते १९६२ लोकसभेत आणि नंतर राज्यसभेत होते. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

२००४ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावाने योजना सुरू केली. तीनुसार दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. तथापि, ही जमीन विकत घेऊन द्यावयाची आहे; विकणारा मिळाला, तरच ती भूमिहीनाच्या हाती पडते. दादासाहेबांची मागणी पडीक सरकारी जमिनीची होती. त्यांचे स्मरण करताना हा फरक विसरता येणार नाही.