इंटर नापास

मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात १९०६ साली बीजगणिताचा तास कसा चाले, याची हकीकत रामानुजनच्या चरित्रांतून वाचायला मिळते. गणिताचे अध्यापक रामानुजाचारी सरकत्या फळ्यांवर एखादे लांबलचक उदाहरण सोडवायला घेत. एक फळा भरला की दुसरा. उत्तर अजून दूर असतानाच एक ठेंगणा, गुबगुबीत मुलगा उठून उभा राही आणि मधल्या पायऱ्यांची गरज नाही, असे अदबीने सुचवी. मग दहाबारा पायऱ्यांचे गणित तीनचार पायऱ्यांत संपे. अध्यापक चकित होत, आणि वर्गातल्या इतरांना होते तेही कळेनासे होई.

हा मुलगा म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्याचे हे दुसरे कॉलेज होते. पहिल्यातून तो बाहेर पडला होता आणि या दुसऱ्यातूनही त्याच्या हाती काही लागायचे नव्हते.

जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, ईरोडचा, बालपण कुंभकोणमचे. वडील कापडाच्या दुकानात कारकून, पगार महिना वीस रुपयांच्या आसपास. आई देवळात भजने गाऊन थोडी भर घाली. शाळेत मुलाने बक्षिसे मिळवली आणि १९०४ साली शिष्यवृत्ती घेऊन तो कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात एफ.ए.च्या वर्गात दाखल झाला. एफ.ए. म्हणजे पुढे आपण ज्याला इंटर म्हणू लागलो ती पायरी. ती ओलांडल्याशिवाय बी.ए. नाही, आणि बी.ए.शिवाय बरी नोकरी नाही.

घात एका पुस्तकाने केला. वर्षभरापूर्वीच कॉलेजच्या ग्रंथालयातून कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचे एक जाडजूड पुस्तक त्याच्या हाती आले होते. त्यात हजारो सूत्रे एकाखाली एक मांडलेली, सिद्धता जवळजवळ नाहीच. रामानुजन ती सूत्रे स्वतःच सिद्ध करत बसला, मग त्यांच्या पलीकडची काढू लागला. गंमत अशी की हे पुस्तक परीक्षेला बसणाऱ्या मुलांची शिकवणी घेणाऱ्याने त्यांच्याच सोयीसाठी लिहिले होते. त्याने एका मुलाला परीक्षेतून कायमचे उठवले.

एफ.ए.ला गणिताबरोबर इंग्रजी होते, ग्रीस-रोमचा इतिहास होता, शरीरशास्त्र होते. इंग्रजी निबंधात तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. सहामाही फी बत्तीस रुपये, म्हणजे वडिलांचा दीड महिन्याचा पगार. १९०५ साली मुलगा घरातून न सांगता विशाखापट्टणला निघून गेला. आईवडिलांना वर्तमानपत्रातून शोध घ्यावा लागला. पुढच्या वर्षी पचय्यप्पा. तिथे आजारपण आले, त्यात शरीरशास्त्राचा त्याला मनापासून तिटकारा. १९०६ च्या डिसेंबरात नापास, १९०७ मध्ये पुन्हा नापास. गणितात उत्तम, बाकी सगळ्यात बुडालेला.

मला परीक्षकांना दोष देववत नाही. सगळ्या विषयांत उत्तीर्ण व्हावे असा नियम होता आणि तो त्यांनी पाळला. नियमात एका माणसासाठी रकाना नसतो, हे बँकेत आयुष्य काढलेल्याला वेगळे सांगायला नको. पण वीस वर्षांच्या त्या मुलाजवळ आता ना पदवी होती ना नोकरी. होती एक पाटी, तीही कागद परवडत नाही म्हणून, आणि ती कोपराने पुसायची सवय.

त्या काळातले त्याचे एक कोडे पाहण्यासारखे आहे. १९११ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने ते वाचकांपुढे ठेवले. वर्गमूळ, त्याच्या पोटात १ अधिक २ गुणिले आणखी एक वर्गमूळ, त्याच्या पोटात १ अधिक ३ गुणिले पुढचे वर्गमूळ, असे अखंड चाललेले. किंमत काढा. सहा महिने कोणाचे उत्तर आले नाही. उत्तर आहे ३! कारण ९ म्हणजे १ अधिक २ गुणिले ४. ते ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ, आणि १६ म्हणजे १ अधिक ३ गुणिले ५. ते ५ म्हणजे २५ चे वर्गमूळ, आणि २५ म्हणजे १ अधिक ४ गुणिले ६. साखळी संपतच नाही. इंटरच्या बीजगणितापलीकडचे इथे फारसे काही नाही. त्याच इंटरने या माणसाला दोनदा परत पाठवले होते.

या सोसायटीचे ग्रंथालय आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होते. तिथले प्राचार्य रँग्लर परांजपे, १८९९ साली केंब्रिजच्या परीक्षेत सगळ्यांच्या वर आलेले. परीक्षेतला सर्वोच्च यशस्वी आणि परीक्षेतला हा अपयशी, दोघे एकाच छोट्या संस्थेच्या आसऱ्याला असावेत, याची मौज वाटते.

पुढचे सर्वश्रुत आहे. मार्च १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात तीस रुपयांची कारकुनी, जानेवारी १९१३ मध्ये हार्डींना पत्र. मद्रास विद्यापीठाची संशोधनवृत्ती एम.ए. झालेल्यांसाठी होती. तरी वाद घालून, नियमाला मुरड घालून १९१३ च्या मे महिन्यापासून महिना पंचाहत्तर रुपये या इंटर नापासाला देण्यात आले. नियम वाकवणारी ती मंडळी मला हार्डींइतकीच मोठी वाटतात. मार्च १९१४ मध्ये तो बोटीत चढला. १९१६ साली केंब्रिजने संशोधनाच्या बळावर त्याला बी.ए. दिली, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीने आणि ट्रिनिटीने फेलो केले. हार्डी स्वतः केंब्रिजच्या त्या प्रसिद्ध परीक्षेचे कट्टर विरोधक होते. विद्यार्थ्याची गुणपत्रिका त्यांनी मनावर घेतली नाही, यात नवल नाही.

२७ मार्च १९१९ रोजी तो मुंबईच्या बंदरात उतरला तो खंगलेला. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासमध्ये गेला. वय बत्तीस. शेवटच्या आजारातही कागदावर सूत्रे लिहिणे चालूच होते. त्याच्या वह्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली जशाच्या तशा छापल्या.

मागे पत्नी जानकी राहिली, जेमतेम विशीतली. विद्यापीठाने तिला महिना पन्नास रुपये निवृत्तिवेतन लावून दिले. ती काही वर्षे मुंबईत भावाकडे राहिली, तिथे शिवणकाम शिकली, आणि परत मद्रासला जाऊन ट्रिप्लिकेनमध्ये मशीन चालवून संसार केला. १९९४ साली ती गेली.