हृदयवैद्य डॉ. पॉल डडली व्हाइट

व्यायाम करावा, हा उपदेश आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवर इतक्या वेळां पडतो, कीं ऐकूनही तो न ऐकल्यासारखा होतो. यांत सारा दोष ऐकणाऱ्यांचाच आहे असें आम्हांस वाटत नाहीं. कडू औषध चुकविण्याकडे मनाची ओढ असावयाचीच. आणि व्यायामही औषधासारखाच घ्यावयाचा म्हटला, म्हणजे चार दिवसांत त्याचा कंटाळा येतो. परंतु ज्या श्रमांत मन रमतें, तेच श्रम हृदयाचें खरें रक्षण करतात, ही गोष्ट एका थोर वैद्यांनीं जगाला पटवून दिली व स्वतःच्या आचरणानें दाखविली. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

पॉल डडली व्हाइट यांचा जन्म ता. ६ जून १८८६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या रॉक्सबरी या भागांत झाला. वडील डॉक्टर होते. घोड्याच्या गाडींतून ते रुग्णांच्या घरोघरीं जात व लहानगा पॉल पुष्कळदां त्यांच्याबरोबर असे. अशा रीतीनें परोपकाराचा पहिला धडा त्यांस पुस्तकांतून नव्हे, तर वडिलांच्या शेजारीं बसून मिळाला. हार्वर्ड विद्यापीठांतून ते १९०८ सालीं पदवीधर झाले व १९११ सालीं त्यांनीं वैद्यकीची पदवी मिळविली. पुढें बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत त्यांनीं कामास आरंभ केला. त्यांची धाकटी बहीण सांध्यांच्या तापामुळें बिघडलेल्या हृदयानें अकालीं मरण पावली होती. त्या काळीं या दुखण्यापुढें डॉक्टरांचा कांहीं इलाज चालत नसे. हें दुःख त्यांच्या मनांत घर करून राहिलें.

सन १९१३ मध्यें ते लंडनला सर टॉमस लुइस यांच्या हाताखालीं शिकावयास गेले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर जो अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो, त्याची रेखा उमटविणारें यंत्र तेव्हां नवें होतें. तें वापरण्याची विद्या संपादून व्हाइट दुसऱ्या वर्षीं परतले आणि बोस्टनच्या इस्पितळांत त्यांनीं तें यंत्र चालूं केलें. अमेरिकन हार्ट असोसिएशन ही संस्था १९२४ सालीं स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ते होते. सन १९३० मध्यें वुल्फ व पार्किन्सन या दोन सहकाऱ्यांसह त्यांनीं हृदयाच्या गतीचा एक विकार वर्णन केला. तो आजही या तिघांच्या नांवानें ओळखला जातो. पुढच्याच वर्षीं त्यांचा हृद्रोगावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला व तो अनेक देशांतील डॉक्टरांच्या हातीं गेला.

परंतु या विद्वत्तेहूनही मोठें काम पुढेंच होतें. हृदयाचा झटका आला, कीं रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणास खिळवून ठेवावें आणि नंतरही जन्मभर त्यास जपून बसवावें, अशी तेव्हांची सर्वसाधारण रीत होती. निरोगी माणसेंही फार श्रमांना भीत. जणूं हृदय म्हणजे दिवा, आणि श्रम केले कीं त्यांतील तेल लवकर संपावयाचें! व्हाइट यांस ही भीति खरी वाटेना. हृदय हा एक स्नायूच आहे. मिनिटास सत्तर ठोके धरले, तर दिवसाकाठीं तें सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतें. नियमित श्रमांनीं हा स्नायू बळकट होतो, एका ठोक्यांत अधिक रक्त पुढें ढकलूं लागतो, आणि म्हणून विश्रांतीच्या वेळीं त्यास कमी ठोके पुरतात. तेव्हां श्रमानें हृदय झिजत नाहीं. उलट आळसानेंच तें दुर्बळ होतें.

या मताला एका धावपटूच्या देहानें मोठी पुष्टि दिली. क्लॅरेन्स डिमार हा छापखान्यांत खिळे जुळविणारा एक कामगार. त्याच्या हृदयाच्या ठोक्यांत कांहीं निराळा ध्वनि ऐकूं आल्यावरून डॉक्टरांनीं त्यास धावणें सोडण्याचा सल्ला दिला होता. त्यानें तो मानला नाहीं. बोस्टनची मॅरेथॉन शर्यत त्यानें १९११ पासून १९३० पर्यंत सात वेळां जिंकली. कामावर जातांना व येतांनाही तो पळत असे. साठी उलटल्यावरही त्याची ही हौस सुटली नाहीं. सन १९५८ मध्यें तो कर्करोगानें वारला. त्याच्या हृदयाची तपासणी झाली, तेव्हां हृदयास रक्त पुरविणाऱ्या त्याच्या धमन्या सामान्य माणसाच्या धमन्यांहून दुपटीतिपटीनें रुंद असल्याचें आढळलें. त्यांत वार्धक्याचे थर कांहींसे जमले होते, तरी वाट रुंद असल्यामुळें रक्ताचा मार्ग अडला नव्हता. व्हाइट व त्यांचे एक सहकारी यांनीं हा वृत्तांत १९६१ सालीं प्रसिद्ध केला. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाहीं हें खरें; तथापि श्रमांनीं हृदय फाटतें म्हणणाऱ्यांना हें चोख उत्तर होतें.

आमच्या खेळाडू विद्यार्थ्यांनीं ध्यानांत धरावी अशी आणखी एक गोष्ट त्यांनीं शोधिली. हार्वर्डच्या जुन्या फुटबॉलपटूंच्या पुढील आयुष्याची त्यांनीं चौकशी केली. ज्यांनीं उत्तरवयांतही अंगमेहनत चालूं ठेवली होती, त्यांचीं हृदयें अधिक निरोगी राहिलीं. तारुण्यांत मिळविलेलीं पदकें कपाटांत शोभतात, पण हृदयाच्या उपयोगीं पडत नाहींत. म्हणूनच जो व्यायाम आपणांस मनापासून आवडतो, व म्हणून जो आपण सोडणार नाहीं, तोच निवडणें शहाणपणाचें होय.

व्हाइट यांच्या मताची खरी कसोटी १९५५ सालीं लागली. ता. २४ सप्टेंबर रोजीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांस डेन्व्हर येथें हृदयाचा झटका आला. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत भाव कोसळले व सर्व जगास चिंता पडली. व्हाइट यांस तातडीनें पाचारण झालें. त्यांनीं वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींस बोलावून कांहींही न लपवितां, सामान्य माणसास कळेल अशा भाषेंत हा रोग समजावून सांगितला. त्या दिवसांत घरोघर लोकांस प्रथमच कळलें, कीं हृदयाचा झटका म्हणजे आयुष्याचा शेवट नव्हे. राष्ट्राध्यक्षांस कायमचें अंथरुणांत ठेवण्यांत आलें नाहीं; हळूहळू त्यांस हिंडूंफिरूं दिलें. गोल्फ हा त्यांचा आवडता खेळ. पुढच्या फेब्रुवारींत तोही ते पुन्हां खेळूं लागले. त्याच वर्षीं ते दुसऱ्यांदा निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले.

व्हाइट जें दुसऱ्यांस सांगत, तें स्वतः करीत. त्यांची आवड सायकलीची व पायीं चालण्याची. त्या काळीं अमेरिकेंत सायकल हें पोरांचें खेळणें समजलें जाई. अशा देशांत हा पांढऱ्या केसांचा जगन्मान्य वैद्य खुशाल सायकलीवर बसून हिंडे, आणि शहरांत सायकलींसाठीं निराळे रस्ते असावेत म्हणून खटपट करी. बोस्टनच्या चार्ल्स नदीच्या कांठच्या सायकलमार्गास पुढें त्यांचेंच नांव देण्यांत आलें. ता. ३१ ऑक्टोबर १९७३ रोजीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

व्यायामानें मनुष्य अमर होतो असें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं. तंबाखू व अतिभोजन यांचे दुष्परिणाम केवळ धावण्यानें धुऊन निघत नाहींत. आणि ज्यांस हृद्रोग आहे, त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच पाऊल टाकावें. तरी जागतिक आरोग्य संघटना आज मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें व मोठ्या माणसांस आठवड्यास निदान १५० मिनिटें अंगमेहनत सांगते. त्यांतील प्रत्येक मिनिट कवायतीचेंच असलें पाहिजे असें नाहीं. कोणास खोखो आवडेल, कोणास लेझीम, कोणास पोहणें, कोणास टेकडी चढणें. पालकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं मूल घामाघूम होऊन मैदानावरून परतलें, तर त्याचा वेळ फुकट गेला असें समजूं नये. आणि एखाद्या संध्याकाळीं स्वतःही त्याच्याबरोबर बाहेर पडावें. विद्यार्थ्यांनीं आपला आवडता खेळ आजच शोधावा, व शाळा सुटली तरी तो सुटूं देऊं नये.