अहिल्याबाईंची दिनचर्या

गयेच्या विष्णुपद मंदिरात पितरांना पिंड देण्यासाठी सर्व प्रांतांतून लोक येतात. घरापासून दूर राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांपैकीही पुष्कळांनी तेथे उभे राहून आपल्या गेलेल्या माणसांचे स्मरण केले आहे. १७८७ साली ते मंदिर नव्याने बांधविणाऱ्या अहिल्याबाई होळकरांच्या स्वतःच्या घरात किती मरणे झाली होती, हे मात्र त्या वेळी सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. त्यांना देवी म्हणून हात जोडताना त्या कोणाची तरी आई होत्या, याचा आपणांस विसर पडतो.

जामखेडनजीकच्या चौंडी गावी ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांची सून होऊन त्या माळव्यात आल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी विनवण्या करून मागे फिरविले आणि पुढे राज्यकारभाराचे शिक्षण दिले. १७६६ मध्ये तेही गेले. गादीवर आलेल्या मुलाच्या, मालेरावांच्या, वर्तनाने बाईंना आधीच पुष्कळ यातना झाल्या होत्या. तो भ्रमिष्ट होऊन अंथरुणास खिळला तेव्हा त्या अहोरात्र उशाशी बसून राहिल्या. १७६७ साली तोही गेला. रडण्यास उसंत नव्हती. राघोबादादा फौज घेऊन चालून येत होते. बाईंनी दौलत दुसऱ्याच्या हाती देण्याचे साफ नाकारले, लढाईची सिद्धता केली, आणि माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला.

महेश्वरी त्यांचे दिवस कसे जात, हे माल्कमसाहेबाने बाईंना पाहिलेल्या लोकांना विचारून १८२३ च्या ग्रंथात नोंदविले आहे. पहाटे उजाडण्याच्या तासभर आधी त्या उठत. पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन, मग स्वतःचे साधे शाकाहारी जेवण. थोडी विश्रांती घेऊन दरबारात बसत त्या सायंकाळी सहापर्यंत. पुन्हा पूजापाठ व अल्पाहार. नऊ वाजता कामकाज परत सुरू होई, ते अकरापर्यंत. सणवार व उपवास सोडले तर यात फारसा बदल नसे. अंगावर साधे पांढरे वस्त्र. अशी जवळजवळ तीस वर्षे!

बाईंनी दुःख जिंकले, असे आपले चरित्रकार लिहितात. आम्हांस ते पटत नाही. जिंकलेले दुःख १७९१ साली असे उफाळून आले नसते.

नातू नथ्याबा गेला होता. सुमारे वर्षभराने जावई यशवंतराव फणसेही वारले, आणि मुक्ताबाईने सती जाण्याचे ठरविले. आईने तिच्या पायांवर लोळण घेतली. मुलीचे उत्तर शांत पण निष्ठुर होते: आई आता वृद्ध झाली, तीही लवकरच जाईल, मग आपण कोणासाठी जगावे? सासऱ्याच्या शब्दाने जी स्वतः मागे फिरली होती, तिच्या शब्दाने पोटची मुलगी फिरली नाही. या योगायोगाचा विचार बाईंच्या मनात आला नसेल काय?

त्या नर्मदाकाठी चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरले होते. प्रथम त्या निश्चल उभ्या राहिल्या. पण ज्वाळा उठताच त्यांचा संयम सुटला. त्यांनी किंकाळी फोडली, आणि हात सुटेनात म्हणून त्या ते दातांनी चावू लागल्या. सर्व आटोपल्यावर नर्मदेत स्नान करून वाड्यात परतल्या. तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही आणि एकही शब्द उच्चारला नाही. कोणी त्यांचे सांत्वन केले असेल तर काय बोलून केले असेल?

सावरल्यावर त्यांनी मुलगी व जावई यांच्या स्मरणार्थ एक सुंदर वास्तू उभारविली. त्या कामात त्यांना थोडा विसावा मिळाला, असे माल्कम सांगतो. त्यानंतर त्यांना चार वर्षेही लाभली नाहीत. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरी त्यांचा अंत झाला.