मार्कोनी आणि लहरींची मालकी

बिनतारी संदेशवहनाचे जनक म्हणून गुग्लिएल्मो मार्कोनी यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु विद्युत्‌लहरी कोणा एकाच्या मालकीच्या नव्हेत, हा आंतरराष्ट्रीय दंडक पुष्कळ अंशी त्यांच्याच व्यापारनीतीमुळे जन्मास आला, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

त्यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील सधन जमीनदार, आई आयर्लंडची. १८९५ साली घराच्या आवारातून सोडलेला संकेत त्यांनी टेकडीपलीकडे पोहोचविला. पुढच्याच वर्षी ते इंग्लंडला गेले व १८९७ साली तेथे त्यांची कंपनी निघाली. १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघालेला संकेत त्यांनी अटलांटिकपार न्यूफाउंडलंडमध्ये, पतंगाला बांधलेल्या तारेच्या साहाय्याने ऐकला.

कंपनी जहाजांना यंत्र देई आणि चालकही आपलाच ठेवी. जहाज संकटात असल्यावाचून इतर बनावटीच्या यंत्रांशी बोलावयाचे नाही, अशी या चालकांना ताकीद होती. १९०२ साली जर्मन सम्राटाचे बंधू अमेरिकेहून परतत असता, त्यांच्या जहाजावरील यंत्र जर्मन बनावटीचे म्हणून मार्कोनी केंद्राकडून प्रतिसाद मिळाला नाही. जर्मनीने १९०३ साली बर्लिन येथे नऊ राष्ट्रांची परिषद बोलाविली. १९०६ च्या बर्लिन करारान्वये, यंत्र कोणत्याही बनावटीचे असो, जहाज व किनारा यांनी परस्परांचे संदेश घेणे बंधनकारक झाले. १९०९ साली मार्कोनींना ब्राउन यांच्यासमवेत पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. मार्कोनी कंपनीच्या चालकांनी पाठविलेल्या हाकेमुळे सातशेहून अधिक जीव वाचले; परंतु जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा एकुलता एक चालक त्या वेळी झोपलेला होता. त्याच वर्षीच्या लंडन परिषदेने जहाजाजहाजांमधील संदेशांनाही तोच नियम लावला.

पुढे मार्कोनी लघुलहरींकडे वळले. त्यांच्या पद्धतीचे केंद्र १९२७ साली आपल्याकडेही आले. पुण्याजवळ खडकीहून संदेश विलायतेस जात आणि तिकडचे दौंड येथे घेतले जात. एव्हाना त्याच लहरींवरून तार, भाषण व गायन सारेच जाऊ लागले होते. तारेचा कायदा निराळा व बिनतारीचा निराळा हा भेद टिकेना. १९३२ साली माद्रिद येथे दोन्ही करार एक होऊन आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ निर्माण झाला. २० जुलै १९३७ रोजी मार्कोनी रोममध्ये निवर्तले.

आज दूरध्वनी, चित्रवाणी व संगणक एकाच हातातील यंत्रात आले आहेत. २००७ सालच्या जिनिव्हा परिषदेने चित्रवाणीच्या पट्ट्याचा काही भाग मोबाईललाही मोकळा केला. यंत्रे एकत्र येतात तसतशी पट्ट्यांवरील जुनी कुंपणे हलवावी लागतात. परंतु बर्लिनला ठरलेले मूळ तत्त्व अबाधित आहे. यंत्र एखाद्याचे असेल, आकाश सर्वांचे आहे.