हाडांची साक्ष

प्राण्याची एखादी जात पृथ्वीवरून समूळ नाहीशी होऊ शकते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र ईश्वराच्या निर्मितीत अशी तूट पडेल, हे अनेक विद्वानांना मान्य नव्हते. झॉर्झ क्यूव्ह्ये यांनी १७९६ साली पॅरिसमध्ये हत्तींच्या जबड्यांची व दातांची तुलना मांडली, तेव्हा त्यांना सत्तावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. भारतीय आणि आफ्रिकी हत्ती भिन्न जातींचे. सायबेरियात सापडणारा मॅमथ दोहोंहून निराळा. एवढे धिप्पाड जनावर जिवंत असते, तर दडून कोठे राहिले असते?

परंतु जाती नष्ट होतात हे दाखविणारे क्यूव्ह्ये, त्या बदलतात हे मात्र अखेरपर्यंत नाकारीत राहिले. इजिप्तहून आणलेल्या आयबिस पक्ष्यांच्या ममी त्यांनी तपासल्या. त्यांची हाडे हयात पक्ष्यांसारखीच निघाली. निरीक्षण अचूक होते. फसला तो काळाचा हिशेब. पृथ्वीच्या आयुष्यात दोन-तीन हजार वर्षांची मातब्बरी ती काय! त्यांचे सहकारी लामार्क नेमके हेच सांगत होते. लामार्क यांची उपपत्ती सदोष होती खरी, पण हा आक्षेप बिनतोड होता. विद्वत्तेला अधिकारपदाची जोड मिळाली, की असे आक्षेप ऐकू येईनासे होतात.

लामार्क १८२९ साली अंध व विपन्न अवस्थेत वारले. क्यूव्ह्ये यांनी लिहिलेल्या त्यांच्या मृत्युलेखातही उपहास होता. तो अकादमीत वाचला गेला नोव्हेंबर १८३२ मध्ये. त्याआधीच, मे महिन्यात, क्यूव्ह्येही निवर्तले होते.