जेरी लॉसन

जेराल्ड अँडरसन लॉसन ऊर्फ जेरी लॉसन (१ डिसेंबर, १९४० – ९ एप्रिल, २०११) हे अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स अभियंते होते. फेअरचाइल्ड चॅनल एफ या घरगुती व्हिडिओ गेम संचाच्या निर्मितीचे नेतृत्व त्यांनी केले. या संचामुळे खेळ यंत्रापासून वेगळा झाला आणि तो स्वतंत्रपणे विकत घेता येईल, कपाटात ठेवता येईल, मित्राला उसना देता येईल अशी एक वस्तू बनला. खेळाची प्रत हातात असावी की ती इंटरनेटवरून उतरवून घेतलेली पुरेशी आहे, या आजच्या वादाचा आरंभ लॉसन यांच्या कामाशी येऊन भिडतो.

बालपण आणि शिक्षण

लॉसन यांचा जन्म न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन येथे झाला व बालपण क्वीन्स भागात गेले. त्यांचे वडील गोदी कामगार असले तरी त्यांना विज्ञानाची ओढ होती. आजोबांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले होते, परंतु त्या क्षेत्रात त्यांना काम करता आले नाही आणि ते पोस्टमास्तर झाले. आई मुलाच्या शिक्षणाबाबत अत्यंत जागरूक होती. त्याच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाचे अध्यक्षपदही तिने सांभाळले. पहिलीच्या वर्गात लॉसन यांच्या बाकाजवळ कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चित्र होते. आपल्यालाही असे काही होता येईल, हा विश्वास त्या चित्राने आणि शिक्षिकेच्या प्रोत्साहनाने दिला, असे ते उतारवयातही सांगत.

किशोरवयात त्यांनी घरीच हौशी रेडिओ केंद्र उभारले आणि लोकांचे दूरचित्रवाणी संच दुरुस्त करून पैसे मिळवले. क्वीन्स कॉलेज आणि सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्क येथे त्यांनी काही काळ शिक्षण घेतले, पण पदवी पूर्ण केली नाही. त्यांचे खरे शिक्षण डाग देण्याच्या इस्त्रीजवळ बसूनच झाले.

फेअरचाइल्डमधील कारकीर्द

१९७० मध्ये लॉसन कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर कंपनीत दाखल झाले. ग्राहकांना कंपनीच्या चिपचा वापर कसा करावा हे समजावून देणे, हे त्यांचे काम होते. फावल्या वेळात त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये 'डिमोलिशन डर्बी' हा नाणे टाकून खेळण्याचा खेळ तयार केला. मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या अगदी आरंभीच्या अशा खेळांत त्याची गणना होते. कंपनीला हे कळल्यावर तिने लॉसन यांनाच व्हिडिओ गेम विभागाच्या अभियांत्रिकीची धुरा दिली. याच काळात ते होमब्रू कॉम्प्युटर क्लबचे सदस्य होते. सिलिकॉन व्हॅलीतील या प्रसिद्ध मंडळात कृष्णवर्णीय सदस्य केवळ दोन होते आणि त्यांपैकी एक लॉसन होते.

कार्ट्रिजची निर्मिती

तोपर्यंतचे घरगुती संच ठरावीक खेळांपुरतेच असत. खेळ यंत्राच्या विद्युतमंडलातच बांधलेला असे. त्याचा कंटाळा आला की संपूर्ण यंत्रच निरुपयोगी होई. १९७२ च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसीबरोबर बदलता येणारी कार्डे मिळत, परंतु त्यांत कोणताही प्रोग्रॅम नसे. ती केवळ यंत्रातील तारांची जोडणी बदलत. प्रोग्रॅम साठवलेली रॉम चिप खोक्यात घालून ती संचात खुपसायची, ही कल्पना कनेक्टिकट राज्यातील अल्पेक्स कॉम्प्युटर कॉर्पोरेशनच्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची. फेअरचाइल्डने तिचे हक्क घेतले. लॉसन यांना अनेकदा एकट्यालाच 'कार्ट्रिजचे जनक' म्हटले जाते. ते पूर्णतः न्याय्य नाही. कार्ट्रिजची यांत्रिक रचना रॉन स्मिथ यांनी केली, तर बाह्यरूप निक टेलेस्फोर यांनी घडवले. प्रयोगशाळेतील नाजूक कल्पनेचे घरात मुलांच्या हाती देता येईल अशा टिकाऊ वस्तूत रूपांतर करणाऱ्या या चमूचे नेतृत्व मात्र लॉसन यांचे होते.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. चिप वारंवार आत-बाहेर केल्यास तिचे काय होते, याचा अनुभव कोणाच्याच गाठी नव्हता. हाताच्या स्पर्शातून येणाऱ्या स्थितिक विद्युतेने ती जळण्याची भीती होती. शिवाय संचातून निघणाऱ्या रेडिओ लहरींमुळे शेजारच्या दूरचित्रवाणी संचात व्यत्यय येऊ नये, असा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा कडक नियम होता. त्यासाठी संचाचा मुख्य फलक ॲल्युमिनियमच्या आवरणात बंद करावा लागला आणि प्रत्येक नवी कार्ट्रिज आयोगाकडून मंजूर करून घ्यावी लागली.

नोव्हेंबर १९७६ मध्ये हा संच बाजारात आला. किंमत १६९.९५ डॉलर होती, तर 'व्हिडिओकार्ट' नावाची प्रत्येक पिवळी कार्ट्रिज १९.९५ डॉलरला मिळे. खेळ मध्येच थांबवण्याची सोयही त्यात होती. पुढच्याच वर्षी अटारी कंपनीने आपला कार्ट्रिजवर चालणारा संच आणला आणि विक्रीत चॅनल एफला फार मागे टाकले.

उत्तरायुष्य

१९८० मध्ये लॉसन यांनी फेअरचाइल्ड सोडून 'व्हिडिओसॉफ्ट' ही स्वतःची कंपनी काढली. अटारीच्या संचासाठी तिने खेळ तयार केले, पण ती काही वर्षांतच बंद पडली. पुढे ते सल्लागार म्हणून काम करीत राहिले. मधुमेहामुळे त्यांचा एक पाय निकामी झाला आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. मार्च २०११ मध्ये खेळनिर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांचा गौरव केला आणि त्यानंतर सुमारे महिनाभराने माउंटन व्ह्यू येथे त्यांचे निधन झाले. चॅनल एफनंतर पस्तीस वर्षांनी मिळालेला हा सन्मान उशिराचाच म्हणावा लागेल. त्यांची कागदपत्रे रॉचेस्टर येथील 'द स्ट्राँग' संग्रहालयात जतन केली आहेत.

कार्ट्रिज आणि डिजिटल प्रत

कार्ट्रिजमुळे खेळाला पुस्तकासारखे जीवन लाभले. जुना खेळ विकणे, भाड्याने देणे, अदलाबदल करणे यांतून दुकानांची एक वेगळी बाजारपेठच उभी राहिली. महाराष्ट्रातही १९९० च्या दशकात मुले ज्या 'कॅसेट' गल्लीत एकमेकांना देत-घेत, त्या वस्तुतः कार्ट्रिजच होत्या.

डिजिटल प्रतीत हे सारे बदलते. ती जागा अडवत नाही आणि घरबसल्या मिळते. परंतु ग्राहकाला बहुधा मालकी नव्हे, तर वापरण्याचा परवाना मिळतो. ती उसनी देता येत नाही की विकता येत नाही. २७ मार्च, २०२३ रोजी निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या संचांच्या ऑनलाइन दुकानांतील विक्री बंद केली, तेव्हा केवळ तेथेच मिळणारे अनेक खेळ नव्याने विकत घेण्याचा मार्ग संपला. २०२४ मध्ये युबिसॉफ्टने 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर बंद केल्यावर तर ज्यांच्याकडे त्याची डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना. म्हणजे वस्तू हाती असणे हेही आता पुरेसे राहिलेले नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने, विक्री मालकीची नसून परवान्याची असेल तर ग्राहकाला तसे स्पष्ट सांगणे विक्रेत्यांवर बंधनकारक करणारा कायदा संमत केला.

फेअरचाइल्ड कंपनी २०१६ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. सुस्थितीतील व्हिडिओकार्ट जुन्या संचात खुपसल्यास आजही चालते. त्यासाठी कोणत्याही सर्व्हरची परवानगी लागत नाही. मात्र चालू स्थितीतील संच आता विरळ झाल्याने अभ्यासक हे खेळ बहुतांशी संगणकावर पाहतात, आणि तेथे चालते ती हौशी मंडळींनी त्याच कार्ट्रिजमधून उतरवून घेतलेली डिजिटल प्रत.